खोट्या कर्जाचा तगादा: सावकाराच्या वहीपासून मोबाइलच्या घंटीपर्यंत

१/ न घेतलेल्या किंवा केव्हाच फेडलेल्या कर्जाचा तगादा ही मोबाइल फोनची निर्मिती नव्हे. दख्खनच्या शेतकऱ्याला तो दीडशे वर्षांपूर्वीही ठाऊक होता. त्या काळी तो सावकाराच्या वहीतून उगवे. आज तो परभणी जिल्ह्यातील पूर्णा शहरात कोणाच्याही फोनवर येऊ शकतो. साधने बदलली, डाव मात्र तोच राहिला. त्या डावाचा आणि त्यावर समाजाने व कायद्याने शोधलेल्या उत्तरांचा हा इतिहास.

२/ आरंभ पेशवाईच्या अखेरीपासून. पेशव्यांचा मुलूख जिंकल्यानंतर १८१९ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने त्या प्रदेशाविषयी सविस्तर अहवाल लिहिला. कर्जवसुलीच्या देशी पद्धतींत त्याने तगाद्याचे वर्णन केले आहे. ऋणको बरोबरीचा किंवा दुर्बळ असेल, तर धनको त्याला घराबाहेर पडू देत नसे, जेवू देत नसे, प्रसंगी उन्हात बसवी. ऋणको बलवान असेल, तर धनको त्याच्या उंबरठ्यावर आडवा पडून आक्रोश करी.

३/ याच कुळातील दुसरा प्रकार म्हणजे धरणे. दारात उपाशी बसायचे आणि आपल्या हालांचे पाप घरधन्याच्या माथी मारायचे. ही प्रथा इतकी रुजलेली होती की १८६० च्या भारतीय दंड संहितेत दैवी कोपाची भीती घालण्याच्या गुन्ह्याचे उदाहरण म्हणून धरण्याचाच उल्लेख करण्यात आला.

४/ या पद्धतींचा रोख ऋणकोच्या पैशापेक्षा त्याच्या अब्रूवर होता. चारचौघांत शोभा झाली की माणूस हिशेब विचारत नाही; गलका थांबवण्यासाठी पैसे देतो. ‘कर्ज खरे आहे का, किती आहे, कोणाचे आहे?’ हे प्रश्न मागेच राहतात. मात्र जुन्या तगाद्याला गावाची साक्ष होती. देणेघेणे शेजाऱ्यांना माहीत असे, त्यामुळे कर्ज पूर्णपणे बनावट असणे अवघड होते.

५/ इंग्रजी अमलात ही साक्ष दुबळी झाली आणि कागद प्रबळ झाला. दिवाणी न्यायालयापुढे पुरावा म्हणजे कर्जरोखा. तो लिहिणारा, वाचणारा आणि जपून ठेवणारा सावकार. त्यावर अंगठा किंवा निशाणी उठवणारा निरक्षर शेतकरी. व्यवहार दोघांचा, पण त्याची स्मृती एकाच्याच पेटीत बंद.

६/ १८५९ मध्ये मुदतीचा कायदा आला. कर्जरोख्यावर दावा लावण्यास सामान्यतः तीन वर्षांची मर्यादा ठरली. व्याजाचा डोंगर वाढू नये हा हेतू. परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला. जुने मुद्दल आणि थकलेले व्याज मिळून नवे मुद्दल होई, त्यावर पुन्हा व्याज चढे. रक्षणासाठी केलेला नियमच फासाची गाठ झाला.

७/ भरलेल्या रकमेची पावती नाही, जुना रोखा परत नाही, वहीत काय लिहिले ते कळण्याचा मार्ग नाही. शेतकऱ्यांच्या या तक्रारी पुढे चौकशी आयोगापुढे आल्या. तपासलेल्या एका प्रकरणात १०० रुपयांच्या कर्जावर २००० रुपयांहून अधिक व्याज आकारलेले आढळले. व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये, हा दामदुप्पटीचा जुना दंडक अशा हिशेबांत कोठेच उरला नव्हता.

८/ याहून भयंकर होता एकतर्फी हुकूमनामा. तालुक्याचे न्यायालय दूर, खर्च मोठा, भाषा अनोळखी. प्रतिवादी हजर न राहिल्यास निकाल वादीच्या बाजूने लागे. मग ‘कोर्टात खेचीन, जप्ती आणीन, तुरुंगात घालीन’ एवढे शब्द पुरेसे ठरत. न्यायालय ही शेतकऱ्याची ढाल न राहता सावकाराच्या हातची काठी झाली.

९/ १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी आसपासचे शेतकरी जमले. त्यांनी सावकारांकडे वह्या आणि कर्जरोखे मागितले व मिळालेले कागद जाळले. उठावाचे लोण अहमदनगर जिल्ह्यात पसरले. तीसहून अधिक गावे त्यात ओढली गेली. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात.

१०/ जमावाचे मुख्य लक्ष्य कागद होते, ही या उठावाची विशेष खूण. जेथे सावकाराने रोखे मुकाट्याने दिले, तेथे बहुधा शारीरिक हिंसा टळली. आपल्याला बांधणारी दोरी कशाची आहे, हे शेतकऱ्यांनी अचूक ओळखले होते. उत्तर मात्र अपुरे होते. खोट्या कागदाबरोबर खराही जळतो आणि पुढच्या वर्षी बियाण्यासाठी त्याच दारी जावे लागते.

११/ येथे न्याय्य दृष्टी हवी. प्रत्येक सावकार लबाड नव्हता आणि प्रत्येक कर्ज खोटे नव्हते. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपताच कापसाची तेजी ओसरली. सावकारांनी हात आखडता घेतला. त्यातच शेतसारा वाढला आणि तो वेळेवर रोखीत भरणे भाग होते. कर्जाची गरज खरीच होती. फसवणूक नेहमी खऱ्या गरजेच्या आडोशाने वाढते.

१२/ चौकशी आयोगानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना साहाय्य देणारा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे चार जिल्हे त्याचे आरंभीचे क्षेत्र. त्यातील तरतुदी आजही लक्षपूर्वक वाचाव्यात अशा आहेत:
• न्यायाधीशाने केवळ रोखा पाहून निकाल देऊ नये; पहिल्या देवघेवीपासून व्यवहाराचा इतिहास तपासावा.
• शेतकऱ्याचे दस्त ग्रामनिबंधकासमोर लिहिले जावेत.
• भरलेल्या रकमेची लेखी पावती आणि हिशेब मिळण्याचा ऋणकोला हक्क असावा.
• पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करू नये.

१३/ या चार कलमांचे सार एका वाक्यात मावते: कर्जाचा कागद एकट्या धनकोच्या पेटीतून बाहेर काढून उजेडात आणा. साक्षीदार, पावती, हिशेब आणि अटकेच्या धाकापासून मुक्ती. सावकारांनी पळवाटाही शोधल्या. अनेक ठिकाणी कर्जरोख्याऐवजी जमिनीचे खरेदीखतच लिहून घेतले जाऊ लागले. तरीही ‘कागद आहे म्हणजे कर्ज आहे’ या समजुतीला कायद्याने पहिला तडा दिला.

१४/ पूर्णा या कायद्याच्या सीमेबाहेर होते. परभणीचा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तेथील इतिहास निराळा आणि काही बाबतींत अधिक कठोर. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संस्थानातील अरब जमादार पैसे व्याजाने देत, इतरांच्या कर्जाची वसुलीही करीत आणि ऋणकोंना स्वतःच्या ताब्यात कोंडून ठेवीत. हुकूम कोणत्याही न्यायालयाचा नसे. बळ तेवढे शस्त्राचे असे.

१५/ १८५३ मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगाने या खासगी कैदेला लगाम घातला. अटक करण्याचा अधिकार राज्याचा, धनकोचा नव्हे, हे तत्त्व तेथे हळूहळू रुजले. आज फोनवर ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगून माणसाला तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर बसवले जाते. कायद्याला असा प्रकार मुळी मान्यच नाही. ती खासगी कैदच आहे. फक्त कोठडीला भिंती नाहीत.

१६/ संस्थानात १८८० च्या दशकात उर्दू ही कारभाराची भाषा झाली. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याला न्यायालयाचा कागद आणखी परका झाला. सावकारी नियंत्रणाचा कायदा तेथे १३४९ फसली, म्हणजे १९३९-४० च्या सुमारास आला. १७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान भारतात आले. १९५६ मध्ये शेतकरी ऋणकोंसाठी कायदा झाला आणि त्याच वर्षी मराठवाडा मुंबई राज्यात आला. आज पूर्णा येथे महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी नियमन कायदा लागू आहे. परवान्याशिवाय सावकारी हा त्यानुसार गुन्हा आहे.

१७/ आता फोन. २०२० च्या टाळेबंदीच्या काळात झटपट कर्ज देणारी ॲप देशभर फोफावली. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ मध्ये सुमारे ११०० कर्ज ॲप आढळली. त्यांपैकी ६०० बेकायदा होती. अशी ॲप फोनमधील संपर्कयादी आणि छायाचित्रे उचलत. मग नातेवाइकांना फोन, विकृत केलेली चित्रे, शिवीगाळ. उंबरठ्यावरचे धरणे शेकडो उंबरठ्यांवर एकाच वेळी बसू लागले.

१८/ याहून पुढचा प्रकार म्हणजे कर्जच नसलेल्या माणसाला तगादा. ‘तुम्ही जामीनदार आहात’, ‘तुमच्या आधारवर कर्ज निघाले आहे’, ‘न्यायालयाचे वॉरंट निघाले आहे.’ आधारचे शेवटचे आकडे किंवा जुना पत्ता ऐकवून विश्वास संपादन केला जातो. पण माहिती असणे म्हणजे हक्क असणे नव्हे. वहीत नाव लिहिलेले होते, एवढ्यावरून सावकाराचा प्रत्येक दावाही खरा ठरत नव्हता.

१९/ खरा वसुली प्रतिनिधी आणि तोतया यांतील भेद नियमांतून स्पष्ट होतो:
• बँक वसुली संस्थेचे नाव कर्जदाराला कळवते. प्रतिनिधीजवळ ओळखपत्र आणि अधिकारपत्र असते. तोतया कर्ज खात्याचा क्रमांक आणि लेखी नोटीस टाळतो.
• वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये मनाई केली.
• खरी परतफेड कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यात होते. तोतया एखाद्या व्यक्तीच्या यूपीआयवर पैसे मागतो, ओटीपी विचारतो, ॲप उतरवून घ्यायला लावतो.
• तोतया म्हणतो, ‘तासाभरात भरा आणि कोणाला सांगू नका.’ साक्षीदार नको असणे ही सर्वांत जुनी खूण.

२०/ अटकेच्या धमकीविषयी एक गोष्ट पक्की ध्यानात असावी. कर्ज थकणे हा मुळात दिवाणी वाद आहे. पोलीस फोनवरून कर्जवसुली करीत नाहीत. १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की केवळ फेडण्याची ऐपत नाही म्हणून ऋणकोला तुरुंगात टाकता येत नाही. ऐपत असूनही बुद्धिपुरस्सर टाळाटाळ केल्याचे दिसले पाहिजे. तेही न्यायालयीन प्रक्रियेनंतर.

२१/ असा फोन आल्यास १८७९ च्या कायद्याचाच क्रम उपयोगी पडतो.
• आधी व्यवहाराचा इतिहास: कोणती संस्था, कोणते खाते, कोणती तारीख, हे लेखी मागावे आणि फोन ठेवावा.
• मग वही तपासणे: पासबुकावरील क्रमांकावरून बँकेला स्वतः फोन करावा. सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती संस्थेकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. आपल्या नावावर कोणती कर्जे आहेत ते त्यात दिसते.
• मग साक्षीदार: घरातील माणसाला लगेच सांगावे; क्रमांक, संदेश, स्क्रीनशॉट जपावेत.
• ‘प्रकरण मिटवण्यासाठी’ थोडीही रक्कम देऊ नये. पहिली रक्कम दुसऱ्या मागणीला आमंत्रण ठरते.

२२/ पैसे गेले असतील, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि आपल्या बँकेलाही सांगावे. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. पैसे गेले नसतील, तरी संचार साथीवरील ‘चक्षू’ सुविधेत संशयित क्रमांक कळवता येतो. बँकेच्या खऱ्या प्रतिनिधीने छळ केला, तर आधी बँकेकडे आणि दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते.

२३/ कर्ज खरे असेल, तर लपून राहू नये. बँकेत जाऊन हप्त्यांची लेखी फेररचना मागावी आणि प्रत्येक भरण्याची पावती घ्यावी. सुप्याच्या शेतकऱ्यांना हवी असलेली गोष्ट कर्जमाफीइतकीच हिशेबाची होती. पावती मागणे हा अविश्वास नव्हे, तो हक्क आहे. आणि तो हक्क मिळवायला दख्खनच्या शेतकऱ्यांना आधी वह्या जाळाव्या लागल्या होत्या.