अजाण बालकांचा भरपाईचा हक्क

गेल्या श्रावणात मंडळाच्या बैठकीत अत्याचारपीडित बालकांच्या नुकसानभरपाईचा विषय निघाला, तेव्हा एक वडीलधाऱ्या भगिनी चटकन म्हणाल्या, "अहो, अब्रूचे का कुणी पैसे घेते?" तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. म्हणून या भरपाईचा इतिहास वाचून काढला. तो थोडक्यात सांगते.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ५४५ वे कलम होते. गुन्हेगाराकडून वसूल झालेल्या दंडातून पीडिताला काही रक्कम द्यावी, असे न्यायाधीशांना सांगता येई. १९७३ च्या संहितेतील ३५७ व्या कलमाने, दंड केला नसला तरी गुन्हेगारास भरपाई द्यायला लावण्याची सोय केली. पण मेख तीच राहिली. आधी गुन्हा शाबीत व्हायला हवा! आरोपी सुटला, की भरपाईही बुडाली.

त्याच सुमारास आपल्या महाराष्ट्रात काय घडले पाहा. १९७२ साली देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. तिचे वय चौदा ते सोळाच्या दरम्यान होते. नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांना सोडले. वसुधा धागमवार व आणखी तीन प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया जाग्या झाल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. भरपाईची मेख मात्र जागची हलली नाही.

ती हलली २००९ च्या अखेरीस. पीडितांसाठी प्रत्येक राज्याने निधीची योजना करावी, असे नवे कलम तेव्हा अमलात आले. २०१२ मध्ये बालकांसाठी पोक्सो कायदा आला, तर २०१३ मध्ये आपल्या राज्याने 'मनोधैर्य' योजना सुरू केली. पोक्सोच्या नियमांप्रमाणे आरोपी सापडला नाही किंवा निर्दोष सुटला, तरीही बालकाची हानी झाल्याचे विशेष न्यायालयास पटले, तर भरपाई देता येते. औषधोपचाराचा खर्च, बुडालेली शाळा, मनावरचा आघात, सारे त्यात मोजले जाते. फिर्याद नोंदल्यावर निकालाची वाट न पाहता अंतरिम रक्कमही मिळू शकते. २०२० च्या नियमांनुसार आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत ती द्यावी लागते.

त्या भगिनींना मी आता एवढेच सांगेन: अब्रू गेली ती अत्याचार करणाऱ्याची. लेकराची गेली ती झोप, शाळा आणि माणसांवरचा विश्वास. हे सावरायला खर्च येतो, आणि तो मागण्यात लाज कसली? पंचांनी चार पैसे देऊन प्रकरण मिटवणे निराळे; तिथे लेकराचे तोंड बंद होते.

शेजारीपाजारी असा प्रसंग आला, तर फिर्याद नोंदवायला त्या आईसोबत जा. नंतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीची वाट तिला दाखवा. तिथे वकिलाची मदत विनामूल्य मिळते.