उभ्या गाडीचे फोटो

या स्मरणिकेसाठी तुम्ही सर्वांनी पाठवलेले जुने फोटो लावायला घेतले तेव्हा एक गंमत ध्यानात आली. सहलीचे फोटो भरपूर आहेत, पण एकातही कोणी चालत नाही. एस.टी. उभी, तिच्यापुढे आपण रांगेत उभे. शिवरात्रीच्या जत्रेतला एक आहे, त्यात आपले दोन मित्र पुठ्ठ्याच्या विमानात बसलेत. आणि ज्या लोकलने आपल्यातले निम्मे जण बदलापूर, उल्हासनगरहून शाळेत येत, तिचा एकही फोटो नाही!

प्रवासाचा फोटो ही मुळातच अवघड गोष्ट. आपल्याच मार्गाचे उदाहरण घेऊ. कल्याणहून आपल्या गावांवरून पळसदरी-खोपोलीकडे रेल्वे आली ती १८५६ साली. पुढे बोरघाट चढायचा होता. त्या कामाचे कंत्राट १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रज गृहस्थाने घेतले आणि भारतात पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत तो वारला. त्याची बायको अ‍ॅलिस मायदेशी परतली नाही. तिने नवऱ्याचे कंत्राट पुढे चालवले आणि १८६३ मध्ये घाट खुला झाला. या बाईंना फोटोग्राफी येत होती. घाटाच्या कामाचे त्यांचे फोटो आजही अभ्यासक पाहतात.

त्या काळी काचेला रसायन लावून ती ओली असतानाच फोटो काढायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवायचा, अशी रीत होती. काच काही सेकंद उघडी ठेवावी लागे. तेवढ्यात जो हलला तो पुसट झाला किंवा उमटलाच नाही. त्यामुळे त्या काळच्या चित्रांत पूल, बोगदे, कापलेला कातळ स्पष्ट दिसतो. माणसे दिसतात ती थबकलेली. ऐन भरात चाळीस हजारांच्या आसपास मजूर या घाटावर राबत होते, पटकीसारख्या साथींत त्यांतले पुष्कळ गेले. ज्यांनी हा प्रवास शक्य केला, ते स्थिर उभे राहिले तरच फोटोत आले.

दुसरी गोष्ट उल्हासनगरची. फाळणी म्हटले की बैलगाड्यांचे तांडे, खांद्यावर बायकोला घेऊन निघालेला म्हातारा शीख, हीच चित्रे डोळ्यांपुढे येतात. मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४७ मध्ये ‘लाइफ’ मासिकासाठी काढलेली ती पंजाबची चित्रे. आपल्या सिंधी मित्रांच्या घरचे कितीतरी लोक मात्र कराचीहून बोटीने मुंबईला उतरले आणि कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचे उल्हासनगर झाले, तरी पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर चार’ अजून सुटलेले नाही. तो समुद्रप्रवास आपल्या डोळ्यांपुढे येत नाही, कारण त्याचे तसे एकही चित्र आपल्या मनात ठसलेले नाही.

आपल्या वर्गातल्या एका मित्राकडे मी या अंकासाठी बोटीचा फोटो मागितला. तो हसला. त्याने आजोबा-आजींचा, सिंधमधल्या स्टुडिओत काढलेला फोटो दाखवला. मधोमध घडी पडलेली, एक कोपरा पाण्याने गेलेला. “बोटीतून आला तो हाच,” तो म्हणाला. मला वाटते, प्रवासाचा याहून खरा फोटो या अंकात दुसरा नाही.

कॅमेरे सुधारले, तेव्हा पुसटपणा मुद्दाम वापरणारेही निघाले. सेबास्तियाव सालगादो या ब्राझिलच्या फोटोग्राफरने १९९५ मध्ये चर्चगेट स्टेशनचा फोटो काढला. गाड्या ठळक आणि फलाटावरची गर्दी धुरासारखी वाहणारी. अ‍ॅलिसबाईंच्या काळी जो दोष होता, तोच इथे कामाला आला. संध्याकाळची कर्जत लोकल पकडणाऱ्याला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आणि २७ जुलै २०१९. बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, हजारावर प्रवाशांना बाहेर काढले. वरून घेतलेली ती चित्रे देशभर पोचली: चहूकडे गढूळ पाणी आणि मधोमध गाडी. आपल्या मार्गावरची गाडी एवढी प्रसिद्ध झाली, तीही उभी राहिली म्हणूनच.

आता पुन्हा आपल्या सहलींकडे. एस.टी.पुढच्या फोटोंत मागच्या रांगेतल्या दोघी ओळखू आलेल्या नाहीत, नावे कळवा. हे सगळे फोटो आपल्या चित्रकलेच्या सरांनी स्वतःच्या कॅमेऱ्याने काढले. प्रत्येक सहलीला ते होते आणि एकाही फोटोत नाहीत. कोणाकडे त्यांचा एखादा फोटो असेल, तर मेळाव्याच्या दिवशी आठवणीने घेऊन या.