सही करण्याआधी कायदा वाचा!



सरकारी नोकरीत असताना कुणाचा पाय गेला, नजर गेली, की आमच्या चामोर्शीकडे सल्ला ठरलेला असतो : "सही करून टाका, रुग्णता निवृत्तिवेतन तरी मिळेल." सल्ला देणारा कधी साहेब असतो, कधी आपलाच नातेवाईक. आमचा प्रश्न एवढाच आहे : या सहीने आपण काय सोडतो, हे कुणी सांगितले का?

यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने कामावर हातपाय गेल्यास मालकाने पैसे द्यावेत, एवढे मान्य केले. अवयवाची किंमत ठरली. माणसाच्या उद्याचे काय, हा प्रश्न तसाच राहिला. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात प्रा. बी. पी. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ मध्ये दिला. त्या पायावर १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. अपंगत्वाचा लाभ ही मेहेरबानी राहिली नाही, तो हक्क झाला.

पण सरकारच मालक असेल तर? १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याचे कलम ४७ सांगते : सेवेत अपंगत्व आलेल्याला काढता येणार नाही, पदावनत करता येणार नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्या. तेही नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करा.

कायदा असूनही माणसे घरी बसवली गेली. केंद्राच्या विशेष सेवा दलातील शिपाई कुणाल सिंग यांचा डावा पाय कर्तव्यावरील दुखापतीनंतर कापावा लागला. १९९८ मध्ये त्यांना सेवेतून काढले. उच्च न्यायालयात ते हरले. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले : निवृत्तिवेतन मिळाले म्हणून कलम ४७ चे संरक्षण नाकारता येत नाही.

आज हेच संरक्षण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० (४) मध्ये आहे. त्यालाही फटी आहेत. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील लढाऊ पदे २०२१ मध्ये अधिसूचनेने त्यातून वगळली गेली. कंत्राटी सफाई कामगाराला तर आपण कुणाचे कर्मचारी आहोत, हेच आधी सिद्ध करावे लागते. या कामावर बहुतेक आपलीच माणसे आहेत, हे वेगळे सांगायला नको.

दाद मागण्याचा हक्क देणाऱ्या कलम ३२ ला बाबासाहेबांनी संविधानाचा आत्मा म्हटले होते. पण चामोर्शीच्या माणसाला दाद मागायला नागपूर गाठावे लागते. तिथे प्रशासकीय न्यायाधिकरणाचे व उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. एकट्याने हे झेपत नाही, म्हणूनच कार्यकर्ता लागतो.

म्हणून मित्रहो, वस्तीत असा प्रसंग आला तर आधी पर्यायी पदासाठी कलम २० (४) चा उल्लेख करून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. निवृत्तीच्या कागदाचे मग बघू.