सक्तीची शाळा आणि गावाची वर्गणी

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ साली तो सर्व बडोदे राज्यास लागू केला. मूल न पाठविणाऱ्या पालकास दंड होई. परंतु दंडाने मूल शाळेत आले, तरी शाळा सुटल्यावर अक्षरे विसरू लागले. हे ओळखून महाराजांनी १९१० साली अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांना पाचारण केले. गावाने वर्गणी जमवावी, तेवढीच रक्कम सरकारने व तेवढीच प्रांत पंचायतीने घालावी, या तत्त्वावर गावोगावी ग्रंथालये उभी राहिली. हुकूम शाळा उघडू शकतो. ती जगविण्यास मात्र गावाचाही पैसा आणि जिव्हाळा लागतो, हाच बडोद्याचा धडा होय.