आरंभबिंदू आणि अंत्यबिंदू (संकलन)

आरंभबिंदू आणि अंत्यबिंदू या चित्रपट व व्हिडिओ संकलनातील दोन मूलभूत खुणा आहेत. मूळ चित्रणातील कोणत्या चौकटीपासून कोणत्या चौकटीपर्यंतचा भाग वापरायचा, हे त्यांवरून ठरते. व्यवहारात त्यांना 'इन पॉइंट' आणि 'आउट पॉइंट' असे म्हणतात. या खुणांमुळे मूळ फाइलमध्ये कोणताही बदल होत नाही.

इतिहास

फिल्मच्या काळात संकलक कामाच्या प्रतीवर मेणाच्या पेन्सिलीने खुणा करून पट्टी कापत असे. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात व त्या सेकंदाला २४ या गतीने दाखवल्या जातात. संकलन निश्चित झाल्यावर पट्टीच्या कडेवरील क्रमांक जुळवून मूळ निगेटिव्ह कापली जाई. निगेटिव्हच्या जोडात लगतची चौकट वाया जात असल्याने चुकीच्या खुणेवर केलेला काप पूर्णपणे भरून काढता येत नसे. व्हिडिओटेपच्या काळात प्रत्येक चौकटीला टाइमकोड मिळाला आणि खुणा आकड्यांत नोंदवल्या जाऊ लागल्या.

महाराष्ट्रात या विद्येचे औपचारिक शिक्षण पुण्यातील भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेत दिले जाते. ही संस्था १९६० मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या स्टुडिओच्या जागेत सुरू झाली. 'परिंदा' (१९८९) या चित्रपटाच्या संकलनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या रेणू सलुजा याच संस्थेच्या विद्यार्थिनी होत्या.

कार्यपद्धती

प्रीमिअर, फायनल कट, दा विंची रिझॉल्व्ह आदी प्रणालींमध्ये आरंभबिंदूसाठी 'आय' व अंत्यबिंदूसाठी 'ओ' ही कळ वापरतात. मूळ क्लिपवर दोन आणि टाइमलाइनवर दोन अशा चार खुणा शक्य असतात. त्यांपैकी कोणत्याही तीन दिल्यास चौथी प्रणाली स्वतः काढते. यास तीन-बिंदू संकलन म्हणतात. चारही खुणा दिल्या आणि दोन्ही कालावधी जुळले नाहीत, तर क्लिपची गती बदलावी लागते किंवा एक खूण सोडून द्यावी लागते.

अंत्यबिंदूची चौकट निवडीत धरायची की नाही, याबाबत पद्धती भिन्न आहेत. सेकंदाला २५ चौकटींच्या चित्रणात १० व्या सेकंदाच्या पहिल्या चौकटीपासून १४ व्या सेकंदाच्या पहिल्या चौकटीपर्यंत खुणा केल्यास, शेवटची चौकट वगळून १०० आणि धरून १०१ चौकटी होतात. संकलन-याद्यांमध्ये सामान्यतः ती वगळली जाते. एका प्रणालीतून दुसरीत काम नेताना हा एका चौकटीचा फरक तपासावा लागतो.

खुणांच्या बाहेर दोन्ही बाजूंना चित्रण शिल्लक असणे आवश्यक असते. कापाच्या मध्यावर बेतलेल्या एका सेकंदाच्या विलयासाठी प्रत्येक क्लिपमध्ये सुमारे अर्ध्या सेकंदाचे अतिरिक्त चित्रण लागते. म्हणून चित्रीकरणाच्या वेळी कृती सुरू होण्यापूर्वी व संपल्यानंतरही कॅमेरा काही क्षण चालू ठेवतात.

अर्थावरील परिणाम

खुणांच्या जागेवर दृश्याची लय अवलंबून असते. हालचालीच्या मध्यावर केलेला काप सहसा लक्षात येत नाही. चित्र आणि ध्वनी यांचे अंत्यबिंदू वेगळे ठेवल्यास एका पात्राचा आवाज चालू असताना दुसऱ्याची प्रतिक्रिया दाखवता येते.

वृत्त व माहितीपटांत अंत्यबिंदूला नैतिक महत्त्वही असते. 'आमचा प्रकल्पाला विरोध नाही, पण आधी पुनर्वसन करा' या विधानाचा अंत्यबिंदू स्वल्पविरामावर ठेवल्यास एकही शब्द न बदलता बोलणाऱ्याची अट नाहीशी होते आणि केवळ संमती उरते. त्यामुळे मुलाखतीचे मूळ चित्रण जपून ठेवणे आणि वाक्य पूर्ण होऊ देणे हा चांगल्या संकलनाचा संकेत मानला जातो.