कळंब: चंद्रोदयापर्यंतचे चौदा तास
(गाडी आणि माणसं कल्पित, विजेचा हिशेब खरा.)

सकाळी 7.00, नागपूर. संकष्टीला कळंबच्या चिंतामणीचं दर्शन घ्यायला टेम्पो ट्रॅव्हलर निघते. मागच्या सीटखाली 150 अँपिअर-तासाच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या, ओट्याखाली 1500 वॉटचा इन्व्हर्टर, मधे 16 चौरस मिलिमीटरची केबल. 80 अँपिअरचा फ्यूज आहे, पण इन्व्हर्टरपाशी. बॅटरीपासून तिथवरच्या तारेला राखण नाही.

10.00, देवळी. इंडक्शन शेगडी पहिल्यांदाच पूर्ण ताकदीवर लावतात आणि फ्यूज उडतो. 1500 वॉट भागिले 12 व्होल्ट म्हणजे 125 अँपिअर. इन्व्हर्टरमधली घट धरली तर दीडशेच्या घरात. फ्यूज चोख वागला.

"दादा, मोठाच टाकून दे, कटकट मिटेल."

10.40. 200 अँपिअरचा फ्यूज बसतो. केबल तीच.

दुपारी 1.00, कळंब. पायऱ्या उतरून दर्शन होतं. गाडीत काही तापलेलं नाही, म्हणून कोणी पाहतही नाही.

रात्री 8.10. मोदक उकडायला ठेवतात. दीडशे अँपिअर वाहू लागतात. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते; तारेच्या साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा 70 अंश.

8.40. जळक्या प्लास्टिकचा वास. "भांडं करपलं असेल." सीटखाली केबल पत्र्याच्या भोकातून जाते, भोकाला रबर नाही. मऊ झालेल्या आवरणात पत्र्याची धार रुतते.

8.55. चंद्राला अर्घ्य द्यायला सगळे खाली उतरतात. इंडक्शन चालूच.

8.58. तांबं चासीला टेकतं. हजारांतला प्रवाह फ्यूजपर्यंत पोचतच नाही, तो अलीकडूनच वळतो. तार लाल होते, सीटचा फोम पेटतो.

9.00. गाडी ज्वाळांत. माणसं बाहेर आहेत, एवढंच.

कुठे थांबलं असतं? फ्यूज उपकरणासाठी नसतो, तारेसाठी असतो. आधी भार काढायचा, तो पेलेल अशी केबल घ्यायची (इथे 50 चौरस मिलिमीटर), मग तिला साजेसा फ्यूज, बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत. शॉर्टचा प्रवाह तोडण्याची क्षमताही त्यावर वाचायची. आणि फ्यूज उडाला, तर मोठा फ्यूज शोधण्याआधी भार कमी करायचा.