परकथेतील वीर

एका कथेतील वीराला दुसऱ्या कथेत बोलावून तेथील वीराशी लढावयास लावणे, ही युक्ती जपानी खेळकर्त्यांनी शोधून काढली अशी आमच्या शाळेतील मुलांची बालंबाल खात्री आहे. त्यांच्या समजुतीस आधारही आहे. पडद्यावर दोन आकृत्या समोरासमोर उभ्या राहतात आणि दोन खेळाडू हातांतील कळा दाबून त्यांना लढवतात, असे हे द्वंद्वाचे खेळ. ओसाकाच्या एसएनके कंपनीने १९९४ साली ‘द किंग ऑफ फायटर्स’ काढून आपल्या निरनिराळ्या खेळांतील योद्धे एकाच स्पर्धेत उतरवले. १९९६ साली कॅपकॉम कंपनीने अमेरिकन चित्रकथांतील ‘एक्स-मेन’ आणि आपल्या ‘स्ट्रीट फायटर’मधील मल्ल यांची गाठ घालून दिली. १९९९ साली निन्टेन्डोने ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’मध्ये बारा पात्रे एकमेकांवर सोडली. अकादमीच्या पत्रिकेत हा विषय काही वाचकांस उपरा वाटेल. तथापि या खेळकर्त्यांपुढे जो पेच उभा राहिला तो आपल्या नाट्यपरंपरेस फार जुना आहे, आणि तो तिने कसा सोडवला हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पेच असा, की दोन कथांचे नायक समोरासमोर आले तर लढायचे कशासाठी? प्रत्येकाचे वैर त्याच्या स्वतःच्या कथेत असते. पाहुण्याचे येथे कोणाशी भांडण नाही. आणि लढलेच तर हरायचे कोणी? दोघांच्याही भक्तांचा मान राखावयाचा असतो.

व्यासांच्या भारतातच याचा पहिला साचा सापडतो. परशुराम हा रामायणात दाशरथी रामापुढे निस्तेज होऊन गेलेला पुरुष. पण उद्योगपर्वात तो भीष्माशी तेवीस दिवस लढतो. कारण काय, तर त्याने अंबेला शब्द दिला आहे आणि भीष्माने ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा केली आहे. दोघांपैकी कोणालाही मागे हटता येत नाही, म्हणून युद्ध. शेवट देव आणि पितर मध्ये पडून करतात. वनपर्वातला मारुती भीमाशी लढतही नाही. वाटेत शेपूट टाकून बसतो आणि भीमाला ती हलत नाही, एवढ्यावर भागते. भागवतातील स्यमंतकाची कथा गणेशचतुर्थीच्या निमित्ताने घरोघरी सांगितली जाते. तीत रामाच्या सैन्यातला जांबवान गुहेत कृष्णाशी अठ्ठावीस दिवस झुंजतो आणि अंग खिळखिळे झाल्यावर, असा प्रहार करणारा आपला जुना स्वामीच असला पाहिजे, हे ओळखतो. येथे पराभव ही ओळख पटण्याची रीत झाली आहे.

हा साचा उत्तर कन्नड जिल्ह्यातील यक्षगानाने ज्या आवडीने वापरला त्यास तोड नाही. आम्ही राहतो तो जोयडा तालुका, पूर्वीचा सुपा, हा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, गोव्याच्या सीमेवर. घरात कोंकणी, कचेरीत कन्नड आणि भजनात मराठी अशा मुलखात राहणाऱ्यास खालच्या होन्नावर-कुमठ्याचे यक्षगान आणि पश्चिमेकडचा दशावतार या दोहोंकडेही घरच्या नजरेने पाहता येते. यक्षगानात युद्धाच्या प्रसंगास ‘काळग’ म्हणतात, आणि काळगांची यादी पाहिली तर वीरांची निवड कशी होते हे उघड होते. बऱ्याच काळगांचे मूळ जैमिनीच्या अश्वमेधात आहे. कन्नडात तो लक्ष्मीशाने आणला, मराठीत श्रीधराने. धर्मराजाचा घोडा सुटतो, अर्जुन त्याच्या पाठीमागे चालतो, आणि घोडा ज्या राज्यात शिरेल तेथला वीर त्याला अडवतो. सुधन्वा, ताम्रध्वज, बभ्रुवाहन यांपैकी कोणाचेही अर्जुनाशी जुने वैर नाही. घोड्याने ते निर्माण केले. एसएनकेच्या खेळात जे काम स्पर्धेचे निमंत्रण करते, ते येथे घोडा करतो.

पण निमित्त मिळाले म्हणजे सारे झाले नाही. सुधन्वा आणि अर्जुन दोघेही कृष्णाचे भक्त. अर्जुन म्हणतो, तीन बाणांत तुझे शिर उडवीन. सुधन्वा म्हणतो, तिन्ही बाण तोडीन. सुधन्वा तिन्ही बाण तोडतो, आणि तिसऱ्याचा तुटलेला अर्धा भाग त्याचे शिर उडवतो. दोघांचीही प्रतिज्ञा खरी झाली! जय कोणाचा, हे प्रेक्षकाने घरी जाताना ठरवावे. ‘शरसेतुबंधन’ तर याहून चतुर आहे. रामाने बाणांचा सेतू का बांधला नाही, असे अर्जुन हिणवतो, वानरांच्या भाराने तो मोडला असता, असे मारुती सांगतो, पैज लागते. पहिल्या वेळी सेतू मारुतीखाली कोसळतो. मग कृष्ण वेष पालटून येतो, साक्षीदाराविना पैज कसली म्हणतो, आणि दुसऱ्या वेळी गुपचूप सेतूस आधार देतो. प्रत्येकजण एकेकदा हरला. मारुती अर्जुनाच्या ध्वजावर जाऊन बसला. तो ध्वजावर आहे हे व्यासांनी आधीच सांगितले होते. मागच्यांनी तेथे कसा पोहोचला याची कथा रचली, आणि ती रचताना कोणाचाही अपमान होऊ दिला नाही. ‘कृष्णार्जुन काळग’ ही भारतात नसलेली कथाही अशीच वचनावर उभी आहे. गय गंधर्वास मारण्याची कृष्णाची प्रतिज्ञा, आणि शत्रूचे नाव न विचारता अर्जुनाने त्याला दिलेले अभय. मराठीत न. चिं. केळकरांना या विषयावर नाटक लिहावेसे वाटले, याचे आम्हांस नवल वाटत नाही.

पाहुणा ओळखू कसा यायचा, हा दुसरा प्रश्न. यक्षगानात वेष मुख्यतः जातीचा असतो: राजाचा, राक्षसाचा, किराताचा, स्त्रीचा. नेमके कोण आले ते भागवताचे पद आणि नटाचे बोलणे सांगते. ताळमद्दळेत तर वेषही नाही. अर्थधारी साध्या पोशाखात बसून एकमेकांशी वाद घालतात, आणि परशुराम-भीष्मांचे युद्ध शब्दांनीच होते. आमच्या मते या कलेचे मर्म येथेच आहे. वीराचे धनुष्य काढून घेतले, मुकुट उतरवला, तरी तो ज्या वचनाने बांधलेला आहे ते त्याच्या तोंडी राहिले तर वीर शिल्लक राहतो. दशावतारातही रंगलेखन नट स्वतःच करतो, लाकडी तलवार पेटाऱ्यातून काढतो, आणि संवाद उत्स्फूर्त बोलतो. त्याचाही सारा भरवसा वाणीवर.

येथे मराठी रंगभूमीचा एक जुना हिशेब पाहिला पाहिजे. होन्नावर तालुक्यातील कर्की येथील भागवत मंडळी १८४२ साली सांगलीस गेली. चिंतामणराव पटवर्धनांनी तो खेळ पाहिला, आणि त्यांच्या इच्छेवरून विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. आपले नाट्यलेखक हा प्रसंग सांगतात खरे, पण बहुधा कर्कीकरांचा ओबडधोबडपणा दाखवण्यापुरता. विष्णुदासांनी कर्कीकडून काय घेतले ते नीट पाहिले तर चित्र निराळे दिसते. सूत्रधाराने पद म्हणावे आणि पात्राने त्याचा अर्थ आपल्या शब्दांत खुलवावा, ही त्यांची पद्धत म्हणजे अर्थधारीचीच पद्धत होय. पुढे ‘बुकिश’ नाटके आली, १८८० साली किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले, आणि जुन्या पौराणिक खेळांची आठवण ‘अलल्डुर्र’ या राक्षसी आरोळीपुरती उरली. आरोळी लक्षात राहिली, वाद विसरला. पाहुण्याचे शस्त्र ठेवून घेतले आणि त्याचे वचन दाराबाहेर ठेवले, असे आम्ही म्हटले तर ते फार कठोर होणार नाही.

या दृष्टीने खेळकर्त्यांच्या निवडीकडे पाहिले म्हणजे त्यांतही तरतमभाव दिसतो. काही निवडी निव्वळ बाजाराच्या आहेत. ‘सोलकॅलिबर २’ हा खेळ २००३ साली तीन कंपन्यांच्या यंत्रांवर आला, तेव्हा प्रत्येक यंत्रावर पाहुणा वेगळा होता. एकावर लिंक, दुसऱ्यावर हेइहाची, तिसऱ्यावर स्पॉन. गिऱ्हाईक पाहून पुडी बांधली! निन्टेन्डोने २०१५ साली खेळाडूंची मते मागवली; तीत पहिला आलेला सोरा प्रत्यक्षात २०२१ च्या ऑक्टोबरात, अखेरचा पाहुणा म्हणून दाखल झाला. जत्रेच्या यजमानाची फर्माईश आणि ही मतपत्रिका यांत आम्हांस फारसा फरक दिसत नाही. दोन्ही गैर नाहीत.

चित्रणात मात्र त्यांची सूक्ष्मता वाखाणण्यासारखी आहे. ‘स्ट्रीट फायटर’मधला र्‍यू २०१५ साली ‘स्मॅश’मध्ये आला तेव्हा मूळ खेळात ज्या क्रमाने कळा फिरवून त्याचा प्रहार साधत असे तो क्रमही बरोबर आणला गेला. म्हणजे पाहुण्याची नुसती मुद्रा नव्हे, त्याला खेळवणाऱ्याच्या बोटांची सवयही आली. यक्षगानातला नट जसा चालीतून ओळखू येतो तसेच हे.

तरीही या साऱ्यांत आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते ती ‘टेक्केन ७’मधील अकुमाची निवड. हाही ‘स्ट्रीट फायटर’चाच. दुसऱ्या कंपनीच्या या खेळात तो आला तो आपले दुरून फेकण्याचे अस्त्र आणि आपली उडी घेऊन. पण त्याहून मोठी गोष्ट त्याने आणली ती ऋण. २०१७ साली घरोघरी पोहोचलेल्या त्या खेळाच्या कथेत असे आहे, की मिशिमा घराण्यातील काझुमी हिने एकदा अकुमाचे प्राण वाचवले होते, आणि आपण गेल्यास पती हेइहाची व पुत्र काझुया यांचा वध करावा असे त्याच्याकडून मागून घेतले होते. तो परका वीर त्या घराच्या कलहात उतरतो तो दिलेल्या शब्दामुळे. अंबेसाठी परशू उचलणाऱ्या जामदग्न्याची आठवण आमच्या पिढीच्या वाचकास येथे झाल्यावाचून राहणार नाही. त्याच खेळात २०१९ साली दूरचित्रवाणीवरील एका मालिकेतला नेगन आला. त्याच्या हाती त्याची सोटी आहे, तोंडी त्याचीच गुर्मी आहे, चेहरा हुबेहूब आहे. पण मिशिमांच्या कथेत त्याला जागा नाही. तो येतो, मारतो, मार खातो आणि जातो.

अकुमा हेइहाचीला लोळवतो. काझुयाशी त्याची गाठ पडते तेव्हा मात्र दोघेही एकमेकांवर झेपावतात आणि कथा तेथेच थांबते. कोण उरला हे खेळकर्ते सांगत नाहीत. त्या खेळात मध्ये पडावयास देव नव्हते आणि पितरही नव्हते, म्हणून पडदाच पाडावा लागला.